सुगी झाली की जाऊ

घरातल्या म्हाताऱ्या बाईला 'दवाखान्यात चल' म्हटलं, तर ती नाही म्हणत नाही. ती पुढची वेळ सांगते. ज्वारी काढायला आली आहे, सुगी झाली की जाऊ. सुगी उरकते तोवर उन्हं तापलेली असतात, पापड-कुरडया घालायच्या असतात. मग लग्नसराई, मग पेरणी. आषाढात गावावरून दिंडी जाते, तिच्या जेवणाचं बघायचं असतं. श्रावणात उपास असतात, उपाशीपोटी गोळ्या कशा घ्यायच्या? गौरी-गणपतीत सून एकटी पडेल. पितृपंधरवड्यात नव्या गोष्टीला कुणी हात घालत नाही. नवरात्रात घट बसलेले असतात. दिवाळीला लेकी माहेरी येतात, त्यांच्यापुढे दुखण्याचा विषय नको. दिवाळी सरते, शेतात ज्वारी गुडघ्याला लागते आणि वर्ष फिरून पुन्हा सुगीपाशी येतं.

यातलं एकही कारण खोटं नसतं. पापड खरोखरच घालायचे असतात, सून खरोखरच एकटी पडणार असते. म्हणूनच तिच्याशी वाद घालता येत नाही. शहरातल्या बाईचं कॅलेंडर निराळं असतं. नातवाची परीक्षा, कामवालीची सुट्टी, मुलाची बदली. न्यूजर्सीत लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई तर सहा महिने दुखणं गिळून बसते. तिकडची फी लेकीला परवडायची नाही आणि प्रवासाच्या विम्यात जुनी दुखणी सहसा बसत नाहीत, एवढं तिला विमानात बसण्याआधीच कुणीतरी सांगितलेलं असतं. कॅलेंडर कुठलंही असो, त्यात सगळ्यांसाठी जागा असते. तिच्या स्वतःच्या तपासणीसाठी मात्र एक सकाळ निघत नाही.

याचा अर्थ लोक पटकन लावून मोकळे होतात. म्हातारी घाबरते, म्हातारी अडाणी आहे, म्हातारी हट्टी आहे. मला हे कधीच पटलेलं नाही. कारण हीच बाई नातवाचं अंग कढत लागलं की रात्री दोन वाजता घर उठवते. नवऱ्याची बीपीची गोळी संपायला किती दिवस उरलेत, हे तिला पाठ असतं. जावेला कावीळ झाली होती तेव्हा तिचं सगळं पथ्यपाणी हिनेच सांभाळलेलं असतं. तिला लिहिता-वाचता येवो न येवो, गोळ्यांच्या पाकिटांचे रंग ती ओळखते आणि कुणाला कुठली गोळी जेवणाआधी द्यायची, हे तिला विचारूनच घरातले घेतात. दुखण्याचं गांभीर्य तिला कळत नाही, असं म्हणायला जागाच नाही. ते तिला स्वतःच्या बाबतीत लागू करता येत नाही, एवढंच.

तिची आजाराची कसोटी एकच असते. उठता येतंय ना? चालता येतंय ना? चूल पेटवता येतेय ना? मग आजार कसला? काम अडलं तर दुखणं, नाही तर ते नुसतं वय. पन्नास-साठ वर्षं ती याच कसोटीवर जगलेली असते. बाळंतपणाच्या कळा सुरू होईपर्यंत शेतात राबलेली, ताप अंगात असताना पाहुण्यांच्या पंगती उठवलेली. आपल्याला काय होतंय हे शांतपणे न्याहाळण्याची सवय जिला कधी लागूच दिली नाही, तिने अचानक सत्तराव्या वर्षी ती कुठून आणायची?

अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनात एका जुन्या पाहणीचा दाखला दिला आहे. साल १९४४, बंगालच्या भीषण दुष्काळानंतरचं. कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात सरकारी आरोग्य संस्थेच्या लोकांनी विधवा आणि विधुर अशा दोघांनाही प्रकृतीबद्दल विचारलं. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी सांगितलं की आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं सांगणाऱ्या निघाल्या अवघ्या २.५ टक्के. त्यातही 'यथातथा' म्हणणारी एकही नव्हती. त्या काळात बंगाली विधवांची आबाळ जगाला ठाऊक होती. एकवेळचं जेवण, उपास, कष्ट सगळं त्यांच्याच वाट्याला होतं. तरी त्यांना विचारल्यावर त्या म्हणाल्या, बरं आहे. त्या खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. बरं नसण्याचा हक्क आपल्याला आहे, हेच कुणी त्यांना कधी जाणवू दिलं नव्हतं. हा आकडा वाचताना मला बंगाल आठवत नाही. आमच्या घरच्या, शेजारच्या, एसटीत शेजारी बसलेल्या बायका आठवतात.

काही दुखणी तर अशी असतात की त्यांना नाव घेऊन बोलवायचीही सोय नसते. 'अंग बाहेर येतं' हे एका बाईने दुसरीच्या कानात सांगायचं, तेही विहिरीवर किंवा खुरपताना, आजूबाजूला पुरुषमाणूस नसताना. बाळंतपणं जास्त झाली, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर ओझी उचलली, की गर्भाशयाला आधार देणारे स्नायू सैल पडतात आणि वय झालं की गर्भाशय खाली सरकतं. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्या जुन्या सुती लुगड्याची घडी घालून, लंगोटासारखी घट्ट बांधून वर्षानुवर्षं भांगलायला जातात. खाली बसताना एक हात जमिनीवर टेकायचा, उठताना श्वास रोखायचा, लघवीला बसायचं तर आधी बाहेर आलेलं अंग हाताने आत सारायचं. त्यांच्या चालण्यातला तो जपून टाकलेला पाय मग घरादाराला 'गुडघे दुखतात' म्हणून ठाऊक असतो. या दुखण्याला शस्त्रक्रिया हाच एक उपाय नाही. सिलिकॉनची एक साधी रिंग डॉक्टर बसवून देतात, ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवतात. खोकलं-शिंकलं की लघवी होते, त्यालाही याच व्यायामांनी बराच उतार पडतो. पण हे कळायला आधी ते तोंडातून बाहेर पडावं लागतं.

या झाकपाकीखाली किती काय दडलेलं असतं, हे गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दाखवून दिलं. तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला, तेव्हा जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांना धक्का बसला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी आयुष्यात कधीही अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे आपल्या आया-आज्यांनी न बोलता सोसलेलं आयुष्य आहे. राणीताईंनी पुढे 'कानोसा' हे पुस्तक लिहिलं, ते याच बायकांचं बोलणं ऐकून.

पुरुष डॉक्टरपुढे अंग उघडायचा संकोच तर फार जुना. आनंदीबाई जोशी १८८३च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का निघालो आहोत हे त्यांनी सांगितलं, तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. या देशातल्या बायकांना बायका डॉक्टर हव्या आहेत, हे त्यांचं मुख्य म्हणणं होतं. १८८६च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बाई डॉक्टर म्हणून एकाही रुग्णबाईची नाडी इथे मनासारखी पाहायला त्यांना मिळाली नाही. त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं, बायकांसाठी आणि बायका डॉक्टरांच्या हाती. आज तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ बाई असतात. मग आमची म्हातारी अजून तिथवर का पोचत नाही?

त्या दवाखान्यात एकदा जाऊन बसून पाहावं. बाहेरच्या पाटीवर 'प्रसूतिगृह' मोठ्या अक्षरात. आत भिंतींवर गुटगुटीत बाळांची चित्रं. बाकड्यावर पोटुशा पोरी आणि त्यांच्या सासवा. पासष्ट वर्षांची बाई तिथे एकटी शिरली, की सगळ्यांना वाटतं ही सुनेला घेऊन आली आहे. सून कुठे आहे, असं कुणीतरी विचारतंच. आपलाच नंबर आहे हे सांगायला तिला जड जातं. या वयात हिला इथं काय काम, असा विचार दुसऱ्या कुणाच्या मनात येण्याआधी तिच्याच मनात आलेला असतो. पाळी गेली, पोरं झाली, आता शरीराच्या त्या भागाचा संबंध संपला, असं तिला वाटतं. तिलाच कशाला, व्यवस्थेलाही तसंच वाटत आलं आहे. देशातल्या बायकांच्या आरोग्याचा सगळ्यात मोठा हिशेब जिथे मांडला जातो, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १५ ते ४९ वयाच्या बायकांशी बोलतं. पन्नाशीनंतरची बाई त्या प्रश्नावलीत नसते. आणि ४९च्या आतल्यांचं तरी काय? २०१९-२१च्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्तनांची तपासणी कधी तरी झालेल्या एक टक्काही भरल्या नाहीत, गर्भाशयमुखाची झालेल्या दोन टक्के जेमतेम. तरुणपणी जी सवय लागली नाही, ती म्हातारपणी लागेल अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

तिची भीतीही मी हसण्यावारी नेणार नाही. ती अनुभवातून आलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं २०१९ साली राज्यभर गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. उचल घेतलेली, खाडा पडला तर पैसे कापले जाणार, पाळीत फडावर पाणी नाही की आडोसा नाही. अशा बाईने पोटदुखीची तक्रार घेऊन जावं आणि कॅन्सरची भीती घालून तिची पिशवीच काढली जावी, तीही पस्तिशीच्या आत. ज्या वस्तीत हे घडलं, तिथली म्हातारी 'डॉक्टर लगेच चिरायला बघतात' म्हणाली, तर तिला अडाणी कोणी म्हणावं? तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं, हा तिचा हक्क तिला समजावून द्यावा लागेल.

दुसरी भीती याहून खोल असते. 'रखमा चालत गेली दवाखान्यात आणि आडवी आली परत.' असं एक तरी उदाहरण प्रत्येक गल्लीत असतं. ते खरंही असतं. पण त्या रखमाने गाठ हाताला लागल्यापासून दोन दिवाळ्या काढलेल्या असतात, हे त्या गोष्टीत येत नाही. उशिरा गेल्यामुळे बाई वाचत नाही, ती वाचली नाही हे पाहून दुसरी जायचं टाळते आणि तीही उशिराच जाते. अशाने दवाखाना म्हणजे मरायला न्यायची जागा, हा समज दर पिढीत नव्याने पक्का होतो. २०२०च्या कोरोनाने त्यात भर घातली. आत नेलेलं माणूस परत दिसलंच नाही, हे ज्यांनी पाहिलं त्यांना ते विसरा म्हणून कसं सांगणार?

आणि इथेच तिची जुनी कसोटी तिला दगा देते. दुखलं तर आजार, काम अडलं तर आजार, असं ती मानत आली. पण स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ती आंघोळ करताना हाताला लागते, खड्यासारखी, आणि दुखत नाही म्हणूनच बाई निर्धास्त राहते. पाळी जाऊन पाच-दहा वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जायला लागलं, तर ती म्हणते, पाळी पुन्हा आली, उष्णता झाली असेल. खरं तर पाळी गेल्यानंतरचा एक डागसुद्धा डॉक्टरला दाखवायचा असतो, कारण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती फार लवकरची खूण असू शकते आणि त्या टप्प्यावर तो बहुतेकदा बरा होतो. हृदयाचंही तसंच. हृदयविकाराचा झटका म्हणजे छाती धरून कोसळणारा पुरुष, हे सिनेमातलं चित्र आपल्या डोक्यात बसलेलं. बायकांमध्ये, आणि त्यातही मधुमेह असला तर, छातीतली कळ ठळक नसण्याची शक्यता अधिक. नुसता दम लागतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, विलक्षण थकवा येतो. ती ओवा खाते, लिंबूसरबत घेते, म्हणते पित्त झालंय. जगण्याने शिकवलेलं शहाणपण या तीन ठिकाणी तिच्याच विरुद्ध जातं.

मग येतो पैसा. 'पोराला कशाला खर्चात पाडू?' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की ते मला आपल्या समाजाचं ब्रीदच वाटतं. या आघाडीवर काहीच झालं नाही असं नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे. पण कार्ड कामाला येतं ते खाट मिळाल्यावर. त्याआधीची पायरी, म्हणजे पहिल्यांदा डॉक्टरला दाखवणं, खाजगीत सोनोग्राफी, रक्त-लघवीच्या तपासण्या, स्टँडवरून रिक्षा, हे सगळं बहुतेक वेळा पदरमोड करूनच होतं. आणि सर्वांत महाग असतो तो सोबत येणाऱ्याचा दिवस. मुलाची हजेरी बुडते, सुनेला रजा मिळत नाही. ती हा खर्च मनातल्या मनात मांडते आणि तक्रार गिळून टाकते. ती कंजूस नसते. आपल्यासाठी दुसऱ्याचा दिवस मोडावा एवढी आपली किंमत आहे, असं तिला वाटत नसतं.

माझ्या आत्याला, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, मी एकदा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते. संक्रांत होऊन गेली होती. अक्काने घडीचं लुगडं नेसलं, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, उशीर झाला तर मला भूक लागेल म्हणून. केसपेपरच्या खिडकीपाशी रांग होती. ओपीडीत आमचा नंबर लागला तेव्हा तरुण डॉक्टरांच्या समोर अजून पन्नास-साठ माणसं उभी होती. त्यांनी मान वर करून विचारलं, "सोबत कोण आहे?" मी पुढे झाले, तशी त्यांनी मलाच विचारलं, "काय होतंय यांना?" अक्का माझ्याआधी बोलली. "काय न्हाई ओ. जरासा दम लागतोय. वयच झालंय की." डॉक्टरांनी छाती तपासली, बीपी बघायला शेजारच्या खोलीत पाठवलं.

तिथे एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी अक्काच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि बीपी बघून झाल्यावर तिच्या पायावर, घोट्याच्या जरा वर, अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे खळगा राहिला. तो बुजेपर्यंत सिस्टर बघत राहिल्या. मग अगदी सहज, नातवंडांची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "आजी, रात्री उशाला किती उशा घेता?"

अक्का म्हणाली, "उशी कुठली, बाई. आडवं पडलं की छाती भरून येतीया. भिंतीला टेकून बसूनच असती मी."

"कधीपासनं?"

"गौरी उठल्या, तवापासनं."

गौरी उठल्यापासून संक्रांतीपर्यंत एक बाई रात्र रात्र बसून काढत होती. ती सोप्यात झोपायची, पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची, त्यामुळे ती रात्री आडवीच होत नाही हे घरात कुणाला दिसायचं कारण नव्हतं. सिस्टर स्वतः उठून डॉक्टरांकडे गेल्या. हृदयाचा जोर कमी पडत होता, फुप्फुसात पाणी साठायला लागलं होतं. इको झाला, लघवीवाटे पाणी काढणारी गोळी सुरू झाली, मीठ कमी करायला सांगितलं. आठवडाभरात अक्का आडवी झोपायला लागली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढे रांग होती. पण "काय होतंय?" या प्रश्नाला अक्काचं उत्तर "काय न्हाई" हेच होतं आणि आयुष्यभर तेच राहिलं असतं. उशांबद्दल विचारल्यावर ती खरं बोलली, कारण ती तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. तक्रार करायची तिला लाज वाटत होती. माहिती द्यायला तिची काहीच हरकत नव्हती.

तेव्हापासून माझी खात्री पटली आहे की या बायका डॉक्टरला टाळत नाहीत. त्यांना कुणी नीट विचारलेलंच नसतं. जिथे विचारलं गेलं, तिथे त्या आल्या. याचे पुरावे आपल्याच राज्यात आहेत. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायकांचा वीस वर्षं माग ठेवला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत साध्या शिकलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ठरावीक काळाने बायकांचे स्तन हाताने तपासत. महागडं यंत्र नाही, मोठं रुग्णालय नाही. वस्तीतलीच वाटावी अशी बाई बोलवायला येते आणि बाईच तपासते. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. ज्या वयाच्या बायकांना आपण 'ऐकत नाहीत' म्हणतो, त्यांच्याच वयात हा फरक पडला.

धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गावोगावच्या ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अशाच मोठ्या अभ्यासात सहभागी झाल्या. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय त्यात होतं. घरी जाऊन बोललं, गावातच तपासणीची सोय केली, तेव्हा बोलावलेल्यांपैकी बहुतेक जणी आल्या. एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदा केलेली तपासणी, तेवढ्याने पुढच्या आठ वर्षांत त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले, हे २००९ साली जगापुढे आलं. दुष्काळी भागातल्या, शेतमजुरी करणाऱ्या, नवख्या माणसापुढे पदर न ढळू देणाऱ्या या बायका. त्यांच्या तपासणीतून निघालेलं ज्ञान आज जगभरच्या बायकांना उपयोगी पडतं आहे. त्यांना अडाणी म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून मला घराघरांतल्या लेकी-सुनांना, मुलांना, भाच्या-पुतण्यांना कळकळीने सांगायचं आहे. फोनवर 'बरी आहेस ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नाला 'हो' शिवाय दुसरं उत्तर देता येत नाही. विचारा, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का? रात्री लघवीला किती वेळा उठतेस? शिंकताना कपडे ओले होतात का? पाळी गेल्यावर कधी डाग दिसला का? आंघोळीच्या वेळी छातीत कुठे गाठ लागते का? झोपताना किती उशा घेतेस? पहिल्या वेळी ती उडवून लावेल. दुसऱ्या वेळी जरा थांबेल. हे प्रश्न मुलाला विचारता येत नसतील, तर लेकीने विचारावेत, लेक दूर असेल तर सुनेने किंवा जावेने. वस्तीत येणाऱ्या आशाताईला विश्वासात घ्यावं. ती घराघरांत जाते, तिला बायकांचं बोलणं कळतं.

आणि मग 'एकदा जाऊन ये' म्हणू नका. तारीख ठरवा, नंबर लावा, रजा काढा आणि सोबत जा. जमलं तर बाई डॉक्टर शोधा. आत गेल्यावर खुर्ची तिला द्या, तुम्ही मागे बसा. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं तर नम्रपणे सांगा, त्यांनाच विचारा. ती आधी अडखळेल, पण स्वतःच्या शरीराबद्दल ती स्वतः बोलेल आणि कुणीतरी ते लिहून घेईल. तिच्यासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

डॉक्टर मंडळींना माझं एवढंच मागणं आहे की साठीच्या पुढची बाई 'काही नाही' म्हणाली, की तिथून प्रश्न सुरू करावेत. आणि योजना आखणाऱ्यांना, की बाईची गणती एकोणपन्नासाव्या वर्षी संपवू नये. २०२२च्या नवरात्रात राज्याने बायकांच्या तपासणीची मोठी मोहीम घेतली, 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. गावोगावी बायका तपासून घ्यायला आल्या, ही आनंदाची गोष्ट. पण जिची लेकरं आपापल्या वाटेने गेली, जिच्यावर आता घर उभं नाही, तीही तितकीच सुरक्षित असायला हवी. तिच्या तब्येतीला घराच्या उपयोगाचं कारण लागू नये.

हे वाचणाऱ्या मावशींना, काकूंना, आज्यांनाही दोन शब्द सांगते. तुम्ही कुणाला खर्चात पाडत नाही. वेळेवर दाखवलेली गाठ, वेळेवर सुरू झालेली गोळी ही स्वस्त असते. उशीर महाग पडतो. 'कुणाचं करून घ्यायची वेळ येऊ नये' ही तुमची इच्छा मला मनापासून पटते, आणि ती पुरी व्हायची असेल तर धडधाकट असतानाच डॉक्टरची पायरी चढायला हवी. काम अडलं नाही तरी दुखणं हे दुखणंच असतं. ते बोलून दाखवायला आणि त्यावर औषध घ्यायला तुम्हाला कुणाचीही परवानगी लागत नाही.